इथला आठ, तिथला रस्ता

न्यू चितोसे विमानतळाजवळ, गाड्या भाड्याने देणाऱ्या एका कार्यालयात, काउंटरपलीकडच्या मुलीने माझं परदेशात गाडी चालवण्याच्या परवानगीचं छोटं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. होक्काइदो हे जपानचं सर्वांत उत्तरेचं मोठं बेट. जुलै महिना होता, तरी सकाळच्या हवेत गारवा होता. मला जपानी येत नव्हतं, तिला मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि इंग्रजीत आम्ही दोघं ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे फारसे सरकलो नव्हतो. तरी तिचं काम अडलं नाही. ती पानं उलटत गेली, एका पानापाशी थांबली आणि ‘बी’ या अक्षरासमोरच्या शिक्क्यावर तिने बोट ठेवलं. मग तारीख पाहिली. मग फोटो, मग माझा चेहरा, मग पुन्हा फोटो. पासपोर्टवरचं नाव ताडून पाहिलं, पुण्याचं मूळ लायसन शेजारी ठेवून त्याची प्रत काढली, आणि पाचेक मिनिटांत एका पांढऱ्या गाडीची किल्ली माझ्या हातात आली.

किल्ली घेऊन बाहेर आलो आणि गाडीपाशी नुसता उभा राहिलो. मला पुण्याजवळच्या भोसरीचा, लायसनच्या परीक्षेचा ट्रॅक आठवत होता. कितीतरी वर्षांपूर्वी तिथे मी गाडीने आठचा आकडा काढला होता, चढावर मध्येच थांबून गाडी मागे न घसरू देता पुन्हा वर नेली होती. हाताला घाम, घशाला कोरड. शेवटी मी पास आहे असं कुणीतरी ठरवलं आणि महिनाभरात पक्कं लायसन पोस्टाने घरी आलं. भोसरीतल्या त्या माणसाचं ते मत इथे, समुद्रापार, एका परक्या राज्यव्यवस्थेने जसंच्या तसं मान्य केलं होतं. मला कुणी पुन्हा आठ काढायला लावला नाही. माझी गाडी चालवण्याची लायकी इथल्या कुणी पाहिलीच नव्हती. पुण्यात कुणीतरी पाहिली आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

हा विश्वास कुठून आला, कुणी कुणाला कधी दिला, हे शोधायला लागलो आणि त्या छोट्या पुस्तकाने मला अक्षरशः झपाटलं.

आपण त्याला ‘इंटरनॅशनल लायसन’ म्हणतो. आरटीओच्या दारातले एजंटही तसंच म्हणतात. पण ते लायसन नाहीच. त्याचं पूर्ण नाव ‘इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट’, म्हणजे आयडीपी, आणि त्याचं काम तुमच्या खऱ्या लायसनचं म्हणणं परक्या अधिकाऱ्याला समजेल अशा ठरावीक साच्यात सांगणं. जगात ‘आंतरराष्ट्रीय लायसन’ नावाची वस्तूच अस्तित्वात नाही, कारण तसं लायसन देणारी कुठलीही जागतिक आरटीओ नाही. म्हणूनच आयडीपी एकटा कधी फिरत नाही. मूळ लायसन सोबत असेल तरच त्याला अर्थ. मूळ लायसन घरी विसरलात तर हातात उरतो तो मूळ पत्राविना आलेला तर्जुमा.

आणि यातली सर्वांत सुंदर गोष्ट त्यात सुरुवातीलाच छापलेली असते: ज्या देशाने तो दिला त्या देशात तो चालत नाही. पुण्याच्या आरटीओने दिलेल्या आयडीपीवर पुण्यातच काय, भारतात कुठेही गाडी चालवता येत नाही. घरच्या माणसाला ओळखपत्र कशाला, असाच त्यामागचा हिशेब. हा कागद परक्यांशी बोलण्यासाठीच जन्माला आला आहे.

त्याचा जन्म पॅरिसचा. ११ ऑक्टोबर १९०९ रोजी तिथे युरोपातल्या देशांनी मोटारींच्या वाहतुकीबद्दलचा पहिला आंतरराष्ट्रीय करार केला. मोटार तेव्हा जेमतेम दोन दशकांची होती. युरोपात चार तास गाडी हाकली की सरहद्द लागते, आणि दर सरहद्दीवर नवा नियम, नवा कागद, नवा शिपाई. त्या करारात ठरलं की गाडी आणि चालक या दोघांसाठी मिळून एक प्रवासपत्र असावं आणि ते सगळ्यांनी मानावं. गाडी कुठल्या देशाची हे सांगणारी मागची अक्षरंही तिथलीच, फ्रान्सला एफ, जर्मनीला डी. आपल्या देशाची अक्षरं आज आयएनडी आहेत.

त्याच करारात रस्त्याकडेला लावायच्या चार खुणा ठरल्या, फक्त चार. पुढे उंचवटा आहे, पुढे वळण आहे, पुढे चौक आहे, पुढे रेल्वेचं फाटक आहे. शब्द नाहीत, नुसती चित्रं. मला हे फार मोठं वाटतं. ज्या काळात युरोपातली राष्ट्रं एकमेकांविरुद्ध युद्धनौका बांधत होती, त्याच काळात त्यांचे प्रतिनिधी एका टेबलाशी बसून ‘पुढे उंचवटा आहे’ हे परक्याला त्याची भाषा न येता कसं सांगावं याचा विचार करत होते. आज ताम्हिणी घाटात किंवा आंबोलीला वळणाची पाटी दिसली की मला ते टेबल आठवतं.

१९२६ साली पॅरिसमध्येच पुन्हा बैठक झाली आणि चालकाचा कागद गाडीच्या कागदापासून वेगळा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९ सप्टेंबर १९४९ रोजी, जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली नवा करार झाला. माझ्या हातात होतं ते पुस्तक या कराराचं. भारत त्यात १९६२ साली सामील झाला.

कायद्याचं लेखन म्हटलं की आपण लांब पळतो. पण जिनिव्हा कराराचं चोविसावं कलम मी तीनतीनदा वाचलं. त्यात म्हटलंय, सोप्या मराठीत सांगायचं तर, की दुसऱ्या सदस्य देशाने ज्याची पात्रता पारखून लायसन दिलं आहे, त्याला आमच्या रस्त्यांवर पुन्हा परीक्षा न घेता गाडी चालवू द्यायची. सगळा जीव ‘पात्रता पारखून’ या अटीत आहे. ही अट तेव्हा साधी नव्हती. ब्रिटनने १९०३च्या कायद्याने लायसन सक्तीचं केलं, पण परीक्षा नव्हती. पैसे भरले की कागद मिळे. तिथे नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली ती १ जून १९३५ पासून. म्हणजे लायसन असणं आणि गाडी येणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि जिनिव्हात बसलेल्यांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी कागदाआधी पारख मागितली. पुण्यात आळंदी रोडवर दुचाकीचा आठ काढताना पाय टेकला की नापास, हा नियम आपल्याला जाचक वाटतो. पण होक्काइदोतल्या त्या मुलीने माझ्यावर विश्वास ठेवला तो अशाच न टेकलेल्या पायांच्या भरवशावर.

त्याच करारात आणखी एक वाक्य आहे, ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. चालकाचा आपल्या वाहनावर कायम ताबा हवा, आणि जनावरं असतील तर ती त्याला हाकता यायला हवीत. १९४९ साली जगातल्या रस्त्यांचा विचार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोटारींइतकेच घोडे, खेचरं आणि गुरं होती. ऊस भरून कारखान्याच्या वाटेवर निघालेल्या बैलगाड्या कोल्हापूर-सांगलीकडच्या रस्त्यांवर आजही दिसतात. त्या गाडीवानासाठीही जिनिव्हात एक ओळ लिहिलेली आहे.

आता पुस्तकाकडे येतो, कारण खरा खजिना तिथे आहे.

करारात त्याचा आकार ठरलेला आहे, रंगही ठरलेला आहे: आवरण राखाडी, आतली पानं पांढरी. मजकूर देशाच्या आपल्या भाषेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या भाषांत. फ्रेंचचा मान वेगळा, शेवटचं मुख्य पान तिचं. पॅरिसची आठवण तिथे अजून जागी आहे. माझ्या पुस्तकात जपानी पान नव्हतं. तरी काउंटरवरच्या मुलीला कुठे पाहायचं हे बरोबर माहीत होतं, कारण कुठल्या आकड्यापुढे काय लिहायचं हे जगभर एकच आहे. एक म्हणजे आडनाव. दोन म्हणजे बाकीचं नाव. तीन जन्मस्थळ, चार जन्मतारीख, पाच कायमचा पत्ता. वाचता येत नसलं तरी जागा ओळखता येते. रेल्वेच्या तिकिटावर पीएनआर कुठे असतो हे जसं आपल्या डोळ्यांना सवयीनं सापडतं, तसं.

आणि या पाच ओळींना तळटिपा आहेत. बारीक अक्षरातल्या, कुणी न वाचणाऱ्या. दोन नंबरच्या ओळीला टीप अशी: इथे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लिहिता येईल. मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही, आणि मला नवल वाटलं ते नेमकं त्याचंच. आपलं मधलं नाव परदेशी फॉर्मवर कायम उपरं असतं. ‘मिडल नेम’च्या चौकटीत वडिलांचं नाव टाकलं की पुढचा गोंधळ ज्याने परदेशी बँकेत खातं उघडलं आहे त्याला विचारा. आणि इथे, जिनिव्हाच्या जागतिक नमुन्यात, बापाच्या नावाला रीतसर जागा आहे.

तीन नंबरला, जन्मस्थळाला, टीप आहे: माहीत असल्यास. चार नंबरला, जन्मतारखेला: किंवा कागद दिला त्या दिवशीचं अंदाजे वय. इथे मी थबकलो. माझ्या आजोबांचा वाढदिवस १ जूनचा. तो खरा नव्हता. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जून महिना पाहून तारीख घातली, कारण पोर पावसाळ्याच्या आधी जन्मलं की नंतर एवढंच आईला आठवत होतं. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं गावोगाव आहेत. आपल्या घरात एक तरी सापडेल. माझ्या मनात अशा माणसांसाठी नेहमीच थोडी हळहळ असायची, की यांना आपला खरा दिवस कधी कळला नाही. जिनिव्हाच्या त्या कागदाने त्यांना लपवायला सांगितलं नाही. अंदाजे वय लिहा म्हणाला, आणि गाडी चालवायला रस्ता दिला.

शेवटची टीप सहीला आहे: किंवा अंगठा. ज्याला लिहिता येत नाही पण गाडी चालवता येते, तोही जगाच्या रस्त्यावर पात्र. ट्रकच्या चाकामागे आयुष्य काढलेली कितीतरी माणसं यात बसतात. हे चार तारांकित तुकडे ज्यांनी लिहिले त्यांची नावं मला माहीत नाहीत, पण त्यांनी जग पाहिलं होतं यात शंका नाही.

पुढे ए ते ई अशी अक्षरं. ए म्हणजे मोटारसायकल. साइडकार लावलेली, अपंगांची गाडी आणि रिकामी असताना चारशे किलोपर्यंतची तीनचाकीही यात. बी म्हणजे चालक सोडून जास्तीत जास्त आठ आसनांची मोटार किंवा साडेतीन हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी. सी त्याहून जड मालवाहू, डी मोठी प्रवासी गाडी, ई मागे जोडगाडी. ज्याची परवानगी तिथेच शिक्का. हा शिक्का अतिशय महत्त्वाचा आहे, आणि याच जागी आपली माणसं अडकतात. घरी फक्त मोटारीचं लायसन, थायलंडला गेल्यावर मात्र किनाऱ्यावर स्कूटर भाड्याने घेतली. आयडीपी आहे ना, मग झालं. पण शिक्का बीपुढे आहे, एपुढे नाही. स्कूटर देणारा दुकानदार विचारत नाही. विचारतो तो हवालदार, किंवा अपघात झाल्यावर विमा कंपनी. त्या वेळी हॉस्पिटलचं बिल विम्याऐवजी आपल्या डोक्यावर येतं. परदेशी दुचाकीला हात लावण्याआधी ए पुढचा शिक्का पाहा, ही मी हात जोडून करतो ती विनंती.

आणि शेवटी काही जागा जवळजवळ रिकामी असते. वर लिहिलेलं असतं की धारकाला अमुक देशात वाहन चालवण्याचा हक्क काढून घेण्यात आला आहे, कारण अमुक. खाली देशांसाठी रिकाम्या जागा. म्हणजे एखाद्या देशाला वाटलं की या माणसाने आमच्या रस्त्यावर विश्वास मोडला, तर तो देश आपलं नाव आणि शिक्का तिथे मारू शकतो, आणि पुढचा देश तो वाचू शकतो. विश्वास देणाऱ्यांनी तो परत घेण्याची सोयही त्याच पुस्तकात करून ठेवली आहे. माझ्या पुस्तकातली ती जागा मी अनेकदा उघडून पाहिली आहे. ती कोरी आहे.

आता थोडी गंमत नकाशाची. १९४९नंतर १९६८ साली व्हिएन्नात आणखी एक करार झाला, ८ नोव्हेंबरला. त्याचा आयडीपी तीन वर्षांपर्यंत चालतो, जिनिव्हाचा एकच वर्ष. काही देश पहिल्यात आहेत, काही दुसऱ्यात, काही दोन्हीत, आणि चीनची मुख्यभूमी आयडीपी मानतच नाही. यातून अशी कोडी तयार होतात की डोकं चक्रावतं. जपान फक्त १९४९चा आयडीपी मानतो. जर्मनी १९४९च्या करारात कधीच नव्हता, तो १९६८चा. त्यामुळे पुण्याच्या आरटीओचा आयडीपी तोक्योत चालतो आणि म्युनिकचा चालत नाही. मोटारीचा शोध ज्या देशात लागला तिथल्या चालकाला जपानमध्ये आपल्या लायसनचं अधिकृत जपानी भाषांतर सोबत ठेवावं लागतं. उलट बाजूने व्हिएतनाम १९६८चा आयडीपी मानतो, १९४९चा नाही. हल्ली आपल्याकडची तरुण मंडळी तिथल्या ‘हा जियांग’च्या डोंगरात मोटारसायकल चालवायला जातात. त्यांनी खिशात आयडीपी आहे या समाधानात राहू नये. आपला आयडीपी १९४९च्या साच्याचा आहे. नेपाळमध्ये तर आयडीपीचा प्रश्नच येत नाही. आपलं लायसन तिथे चालतं. आपली गाडी नेली तर मात्र सीमेवर तिचं ‘भन्सार’ भरावं लागतं, म्हणजे जकात.

ब्रिटनमध्ये आयडीपीचे तिन्ही प्रकार मिळतात, १९२६चा धरून. जायच्या देशाप्रमाणे योग्य तो निवडायचा, आणि एप्रिल २०२४ पासून तो पेपॉइंट नावाची पैसे भरण्याची सोय असलेल्या दुकानांत मिळतो. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध घ्यायला गेलेला माणूस जिनिव्हाचा करार पिशवीत टाकून घरी येतो, हे चित्र मला फार आवडतं.

करार म्हणजे नुसती शोभेची कागदपत्रं, असं ज्यांना वाटतं त्यांनी फ्लोरिडाची गोष्ट ऐकावी. अमेरिकेत वाहनांचे नियम राज्यागणिक वेगळे. १ जानेवारी २०१३ पासून फ्लोरिडाने असा कायदा लागू केला की परदेशी पाहुण्याने आयडीपी ठेवलाच पाहिजे. हेतू चांगला होता, की पोलिसांना परभाषेतलं लायसन वाचता यावं. पण हिवाळा घालवायला दरवर्षी फ्लोरिडात उतरणाऱ्या कॅनडाच्या लोकांत खळबळ उडाली. अमेरिका १९४९च्या करारात आहे. आमचं लायसन तुम्ही मानायचं असं ठरलं असताना वेगळा कागद कसला मागता, हा प्रश्न उभा राहिला. तिथल्या महामार्ग पोलिसांनी अंमलबजावणी थांबवली आणि एप्रिल २०१३ मध्ये तो नियम मागे घेण्यात आला, आधीच्या तारखेपासून. दूर जिनिव्हात चौसष्ट वर्षांपूर्वी दिलेला शब्द एका श्रीमंत राज्याच्या विधिमंडळाला पाळावा लागला.

मात्र हा सगळा मान पाहुण्याचा आहे. घरातला झालात की नियम बदलतो. ब्रिटनमध्ये भारतीय लायसनवर बारा महिने मोटार चालवता येते, आयडीपीशिवायही. तिथे राहायला गेलात आणि बारा महिने उलटले की शिकाऊ लायसन काढा, लेखी परीक्षा द्या, रस्त्यावरची द्या. जर्मनीत रहिवासी झाल्यावर सहा महिने, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. माझा एक मित्र पुण्यात वीस वर्षं गाडी चालवून, कोकणात रात्री-अपरात्री घाट उतरून, जर्मनीत नोकरीला गेला आणि चाळिशीत पुन्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर बसला. सुरुवातीला त्याला फार लागलं ते. मग एकदा फोनवर म्हणाला, “अरे, मला वीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं की वळण्याआधी खांद्यावरून मागे बघायचं. आरशात सायकलवाला दिसतच नाही.” मला वाटतं कराराचं तर्कशास्त्र इथे बरोबर आहे. पाहुण्याचं चारआठ दिवस सांभाळून घेता येतं. जो रोज त्याच रस्त्यावरून जाणार त्याला त्या रस्त्याच्या सवयी शिकाव्याच लागतात.

जपाननेही अलीकडे या बाबतीत कंबर कसली आहे. परदेशी लायसन जपानी लायसनमध्ये बदलून घ्यायचं असेल तर लेखी परीक्षेत पूर्वी दहा प्रश्न असत. ऑक्टोबर २०२५ पासून पन्नास आहेत. पाहुण्यांच्या आयडीपीला मात्र देशात उतरल्यापासून एक वर्षापर्यंत मुभा आहे.

आपल्याकडे आयडीपी काढणं आता सोपं झालंय. सारथी पोर्टलवर अर्ज, नमुना ४ अ, हजार रुपये शुल्क, आणि आपलं लायसन ज्या आरटीओच्या हद्दीत आहे तिथून पुस्तक हातात. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने वैद्यकीय दाखल्याची आणि अर्जाच्या वेळी व्हिसा असण्याची अट काढली. काही देश व्हिसा विमानतळावर उतरल्यावरच देतात, हे त्यामागचं साधं कारण. त्याच अधिसूचनेने परदेशात असताना आयडीपी संपला तर भारतीय दूतावासातून अर्ज करायची सोय झाली. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये एक मोठी चूक दुरुस्त झाली. तोवर वेगवेगळ्या राज्यांचे आयडीपी वेगवेगळ्या आकाराचे, रंगाचे, मांडणीचे होते, आणि परदेशात काउंटरवर लोक अडत. आता देशभर एकच नमुना आहे, आणि त्यावरच्या क्यूआर कोडमुळे तो मूळ लायसनशी जोडता येतो. चिमूटभर फरक वाटेल हा, पण त्या मुलीच्या बोटाला शिक्का सापडला तो या एकसारखेपणामुळे.

इंटरनेटवर मात्र ‘दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन’ विकणारी दुकानं बेसुमार आहेत. चकचकीत कार्ड, शेकडो डॉलर. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याबाबत लोकांना कधीच सावध केलं आहे. करारातला आयडीपी जास्तीत जास्त एक किंवा तीन वर्षांचा, आणि तो ज्या देशाने लायसन दिलं त्याच देशाच्या अधिकृत यंत्रणेकडून मिळतो. दहा वर्षांचं काहीही दिसलं की पाठ फिरवा.

होक्काइदोत गाडी चालवताना हात पटकन रुळला. जपान डाव्या बाजूने चालतो, आपल्यासारखाच, आणि इंडिकेटरचा दांडा उजव्या हाताशी. कराराचं म्हणणंही एवढंच आहे की कुठल्या बाजूने चालायचं ते ज्याने त्याने ठरवावं, पण देशभर एकच बाजू ठेवावी. वेगळं होतं ते थांबणं. तिथली थांबा ही पाटी आपल्यासारखी अष्टकोनी नाही. लाल, उलटा त्रिकोण, आणि त्यावर ‘तोमारे’ हा शब्द. अलीकडच्या पाट्यांवर खाली ‘स्टॉप’ही असतं. तिथे चाकं पूर्ण थांबवायची असतात. वेग कमी करून डावी-उजवी पाहत सरकणं म्हणजे थांबणं नव्हे.

फुरानोकडून बिएइकडे जाताना एक रेल्वे फाटक लागलं. दोन्ही बाजूंना शेतं, लांबवर जांभळ्या लॅव्हेंडरचा पट्टा. दांडी वर होती, दिवा बंद, गाडीची चाहूल नाही. पुढे एक म्हातारे गृहस्थ आपला छोटा ट्रक घेऊन चालले होते. फाटक उघडं असूनही ते रुळांआधी थांबले. काच खाली केली. डोकं थोडं बाहेर काढून दोन्हीकडे ऐकलं. मग सावकाश पलीकडे गेले. जपानच्या कायद्यात रेल्वे फाटकाशी थांबणं सक्तीचं आहे, आणि शिकवताना काच उघडून कान द्यायला सांगतात, हे मी निघण्याआधी वाचलं होतं. मी पांढऱ्या रेषेशी ब्रेक दाबला, काच खाली केली. बाहेर वाऱ्यात गवताचा आवाज होता, आणि खूप लांबून, फुरानोच्या दिशेने, एका डब्याच्या डिझेल गाडीचा धडधडाट येऊ लागला होता. मी ती जाईपर्यंत थांबलो.